मिरजगावी गोधडी फत्ते जाहली त्याची हकिकत

पूर्वी थोर थोर लढाया जाहल्या, खर्ड्याच्या रणाचे नाव अद्याप लोक घेतात. परंतु मौजे मिरजगावी, पत्र्याच्या पडवीत, म्हशीच्या समक्ष जी मोहीम जाहली तिची दोन अक्षरे कोणी लिहिली नाहीत, हा कोण अन्याय! सबब घडले तैसे निवेदन करणे प्राप्त आहे.

वज्रचूडेमंडित छबूबाई, सुईबहाद्दर, यांची पडवी हे गावच्या गोधडीमंडळाचे मुख्य ठाणे. आणि मास्तरीणबाई फिलोमिना, आता नोकरीतून मोकळ्या, या त्यांच्या जिवाभावाच्या सखी. मंडळाचा रिवाज ऐसा जे, कोणाच्या घरी पाळणा हलला म्हणजे प्रत्येकीने आपले एकेक जुने लुगडे द्यावे, ती एकावर एक अंथरावी, आणि कडेपासून टाके घालीत मध्यावर यावे, आणि मग शेवटचा टाका या दोघी सख्यांनी समोरासमोर बसून एकाच दोऱ्याने घालावा. घातलेला टाका मात्र उसवू नये; उसवला तर बाळाची झोप मोडते.

ऐशा समयी फिलोमिनाबाईंचे चिरंजीव सॅम, मुक्काम नागापूर, यांस कन्यारत्न जाहले आणि रविवारी बाप्तिस्मा ठरला. फर्मान सुटले, लुगडी रुजू जाहली, फौज मांडी घालून बसली. आणि मग दैव फिरले. फिलोमिनाबाईंनी चष्मा सावरून छबूबाईंची ओळ न्याहाळिली आणि भर दरबारात वदल्या, “छबू, तुझा टाका ज्वारीएवढा असायचा, आता मक्याएवढा झालाय. डोळे दाखवून घे बाई.”

हे शब्द दाभणासारखे घुसले. नजर मंदावली हे छबूबाईंस ठाऊक होते, आणि त्याचीच धास्ती होती. सुई हातची गेली तर फिलोमिना उद्या दुसरीच्या समोर बसेल, हा विचार त्यांस सोसवेना. परंतु भय कबूल करणे सरदारीस शोभत नाही, म्हणोन त्यांनी रागास पुढे केले, आणि ताकीद दिली जे, आजपासून फिलोमिनाबाईंशी बोलणे बंद, चहा बंद, त्यांजकडून सुईत दोरा ओवून घेणेही बंद. मंडळातील धाकट्या रेश्माबाई वकिलीस निघाल्या आणि किटली घेऊन दोन्ही गोटांत फिरल्या. तह जमला नाही, चहा मात्र निवाला.

शनिवारी दोन्ही बाजू टाके घालीत मध्यावर भिडल्या. गुडघ्यास गुडघा लागला. परंतु तोंड पाहावयाचे नाही ऐसी जिद्द, म्हणोन छबूबाईंनी मान फिरवून म्हशीकडे नजर लाविली आणि फिलोमिनाबाईंनी पत्र्याकडे, आणि दोघींनी नुसत्या बोटांच्या अंदाजाने टाक्यांचा सपाटा चालविला. मग आपापली बाजू आटोपली ऐसे समजोन दोघी एकदमच ताडकन उठल्या आणि एकदमच धपकन बसल्या. छबूबाईंचा पदर फिलोमिनाबाईंच्या टाक्यांत, आणि फिलोमिनाबाईंचा छबूबाईंच्या टाक्यांत. दोघी जित्याजागत्या गोधडीस शिवल्या गेल्या होत्या! हशा ऐसा पिकला जे म्हैस दावे तोडू पाहती जाहली.

रेश्माबाई कात्री घेऊन टाके कापावयास धावल्या, तो छबूबाई गरजल्या, “टाक्याला हात लावायचा न्हाई! पोरीची झोप मोडंल. पदर काप माझा.”

“अगं, दिवाळीची नवी साडी तुझी!” बोलणे बंद असल्याचे विसरून फिलोमिनाबाई ओरडल्या.

“असू दे. नात काय माझी न्हाई व्हय?”

मग फिलोमिनाबाईंनी कात्री घेतली आणि आपल्या चर्चला नेसावयाच्या साडीचा पदर आधी कापला, छबूबाईंचा मागाहून. शेवटचा टाका तेवढा राहिला. छबूबाईंनी सुई दोऱ्यापुढे चार वेळा नाचविली आणि मग पुढे केली. “ओवून दे, फिलू. मला दिसत न्हाई गं.” एवढे बोलावयास जी छाती लागली ती खर्ड्यास कोणास लागली असेल ऐसे वाटत नाही. फिलोमिनाबाईंचे डोळे भरोन आले. त्यांनी अभयवचन दिधले जे, दोरा जन्मभर आम्ही ओवू, आणि आमचे समोर तुजवाचोन दुसरी कोणी बसणार नाही.

रविवारी गोधडी चर्चात दाखल जाहली, आणि नातीने ती तत्काळ ओली करून रीतसर ताबा घेतला. छबूबाईंनी डोळे दाखविण्याचे सोमवारचे कबूल केले, चहा पूर्ववत सुरू जाहला, ऐसी फत्ते जाहली. मध्यावरचे टाके मक्याएवढेच आहेत, ते खोटे कशास लिहावे? दोन पदर कामी आले. टाका एकही उसवला नाही.