भुंग्याची घरशाळा

वजनकाटे तपासणाऱ्या खात्यातल्या निरीक्षकांनी आपल्या एकुलत्या एक मुलीचं नाव सरकारी शाळेतून काढलं, त्यामागचं कारण गंभीर होतं. मुलीने प्रश्न विचारणं बंद केलं होतं.

घरात तिला भुंगा म्हणत. मासे झोपतात कुठे, सावलीला वजन असतं का, बाबांचं कपाळ नेमकं संपतं कुठे, असा तिचा दिवसभर भुणभुणाट चाले. शाळेतल्या बाईंनी तिला प्रत्येक प्रश्नामागे भिंतीशी उभं करायला सुरुवात केली, कारण प्रश्नांमुळे अभ्यासक्रम मागे पडत होता. थोड्याच दिवसांत भुंगा आदर्श विद्यार्थिनीचा बिल्ला लावून घरी आली, मुकाट जेवली आणि झोपली.

"अहो, आज तोंड उघडलं ते फक्त घासापुरतं," आईचे डोळे भरून आले. "मला माझी जुनी पोर हवीय."

निरीक्षक ताडकन उठले. "बस्स! आता ती घरीच शिकणार. मोकळेपणाने!" त्यांनी साठलेली सगळी रजा टाकली.

सुरुवातीला घरात नुसती धमाल होती. भुंग्याने बादलीत सगळी भांडी बुडवून पाहिली, शिलाई मशीन खोललं, आणि पाण्यात चमचा वाकडा का दिसतो यावरून बापाला भंडावून सोडलं. आई हसून हसून बेजार झाली. निरीक्षक मात्र अस्वस्थ होते. शिक्का नसलेल्या काट्यावर त्यांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता.

"शिकतेय हे खरं," ते बायकोला म्हणाले, "पण शिकतेय हे कशावरून?"

म्हणून वेळापत्रक आलं. वेळापत्रकामागून घंटा आली. शेजारी "हिला सुट्टी आहे वाटतं?" असं विचारू लागले, तेव्हा बेडरूमचे पडदे कापून गणवेश शिवला गेला. रोज सकाळी भुंगा कपाटापासून एका हाताचं अंतर राखून रांगेत उभी राहू लागली. रांगेत ती एकटीच होती, पण रांग वाकडी असल्याबद्दल दोनदा ओरडा बसला.

एकदा गॅसवर दूध तापत होतं. भुंगा धावत आली. "बाबा, दूध वर का येतं? पाणी तर येत नाही!"

"सर म्हणायचं. आणि आत्ता भूगोल चालू आहे. शंका गुरुवारी."

"पण दूध आत्ता वर येतंय!"

"गुरुवारी!"

दूध ओट्यावरून फरशीवर उतरलं. निरीक्षकांनी तिला बेशिस्तीचा शेरा दिला आणि पालकसभा बोलावली. आईला बाल्कनीत खुर्चीवर ताटकळत ठेवून मग आत घेतलं.

"तुमची पाल्य वर्गात प्रश्न विचारते," ते टेबलामागून म्हणाले.

"अहो, त्यासाठीच तर घरी आणली ना तिला!"

"पालकांनी भावनेच्या भरात येऊ नये."

मग ते उठले आणि बायकोच्या शेजारी येऊन बसले, कारण वडील म्हणून त्यांचीही उपस्थिती बंधनकारक होती. टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून ते नम्रपणे म्हणाले, "सर, यापुढे तक्रार येणार नाही."

तक्रार खरंच आली नाही. काही दिवसांनी शिक्षण खात्याचे अधिकारी घरातलं शिक्षण तपासायला आले. भुंगा हाताची घडी घालून उभी होती.

"बाळ, तुला काही विचारायचंय?"

भुंग्याने त्यांच्या दाट मिशीकडे टक लावून पाहिलं. ओठ हलले. आईने श्वास रोखला.

"नाही, सर."

"वा!" अधिकारी गहिवरले. "सरकारी शाळेतही इतकी शिस्त मी पाहिलेली नाही." मान्यतेचा शिक्का उमटला आणि निरीक्षकांची छाती अभिमानाने फुगली. आई स्वयंपाकघरात गेली. हुंदका बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिने नळ मोठा सोडला.

ही बातमी इमारतभर झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात आईबापांची रांग लागली. "घंटा वेळेवर होते ना?" "गणवेश तुमच्याकडूनच घ्यायचा का?" "आमचा फार बोलतो हो, कमी होईल ना?" निरीक्षक सगळ्यांना धीर देत होते.

मुलगी शेवटी शिकली काय, असं तुम्ही विचाराल. रांगेतल्या एकानेही अजून ते विचारलेलं नाही. आणि तुम्हालाही आत्ता घाई आहे ती आपला नंबर कधी लागतो याचीच. तेव्हा जरा पुढे सरका, मागचे खोळंबलेत.