शंभर टक्के शुद्ध

माणूस खोटं बोलतो, डोळे खोटं बोलतात, घरातला वजनकाटा तर धडधडीत खोटं बोलतो. डीएनए मात्र कधीच खोटं बोलत नाही! कीटक प्रयोगशाळेतले एकुलते एक सहायक हे इतक्या गांभीर्याने सांगत, की ऐकणाऱ्याला उठून उभं राहावंसं वाटे.

काम तसं सोपं. शेतात टांगलेल्या सापळ्यांच्या बाटल्या आणायच्या, आतले किडे चटणीसारखे वाटायचे आणि त्या लगद्यातल्या डीएनएवरून शेतात कोण कोण नांदतंय त्याची यादी काढायची. भोपळ्याच्या शेताच्या यादीत मावा निघाला, फुलकिडे निघाले. आणि मधमाश्या! त्याही ढीगभर!

"दहा वर्षांत पहिल्यांदा!" प्रमुख बाई हरखल्या. सहायकांना नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीवाचून पडला होता. "सोमवारी हे दाखवायला संस्थेच्या समितीलाच बोलावते!"

सहायक आपल्या टेबलाशी आले आणि गारठले. समोर कोमट पाण्याचा पेला होता. पाण्यात मध. वजन उतरावं म्हणून बायकोने सुरू केलेला. बाटली दरमहा सासरेबुवा आणत, "शंभर टक्के शुद्ध!" असं बजावून. मध म्हटला की त्यात मधमाशीचा डीएनए आलाच. सापळ्याची बाटली उघडण्याआधी आपण हात धुतले होते का? काही केल्या आठवेना.

"सांगून टाका बाईंना," रात्री घरी सगळं ऐकून बायको म्हणाली.

"अगं, नोकरी जाईल!"

"समितीपुढे अब्रू जाण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी. आणि शर्ट बदला, बटण तुटतंय."

सहायकांनी कबुली दिली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे या मधमाश्या तुमच्या पेल्यातल्या?"

"तसंच वाटतंय, बाई."

"वाटून चालत नाही. आणा ती बाटली. तपासू!"

दोन दिवसांनी मधाचा अहवाल आला. मधमाशी: शून्य. फुलं: शून्य. ऊस: थोडा. कीटक एकच: मुंगी.

"सुटलात!" बाईंनी कायम करण्याच्या कागदावर सही ठोकली. "पण मग मधमाश्या आल्या कुठून?"

बाईंनी भोपळ्याच्या शेतकऱ्याला फोन लावला.

"मधमाश्या? अहो, महिनाभर घोंघावतायत की! तुमचे सहायक साहेब बाटल्या न्यायला आले तेव्हा त्यांच्या डोक्यावरच फिरत होत्या. साहेबांनी वर बघितलंच नाही!"

रविवारी सासरेबुवा नवी बाटली घेऊन हजर.

"काय जावईबापू, पडला का काही फरक?"

"पडला," सहायक म्हणाले.

तीन महिन्यांत वजन चार किलोंनी वाढलं होतं. काटा खरं बोलत होता.