सिंधूआत्याच्या वेदनेचा हयातीचा दाखला

मॉर्फिनच्या गोळ्या चालू ठेवायच्या असतील, तर दर तीन महिन्यांनी रुग्णाच्या वेदनेला तालुक्याच्या कार्यालयात समक्ष हजर राहून आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पेन्शनवाल्यांना हेच काम वर्षातून एकदा करावं लागतं; पण पेन्शनवाल्यांवर सरकारचा विश्वास आहे.

कल्याणी खोपडे आपल्या सिंधूआत्याला घेऊन सकाळी पावणेदहाला पोचली, तेव्हा पुढे अकरा जण होते. कार्यालय हिवतापवाल्यांच्या जुन्या इमारतीत होतं. भिंतीवर अजून डासांची चित्रं होती आणि खाली लिहिलेलं होतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. बाकाला पाठ नव्हती. पाठीच्या रुग्णांसाठी पाठीचं बाक मागवलेलं होतं, ते मंजुरीत होतं.

"टेकून बस माझ्यावर," कल्याणी म्हणाली.

"असू दे गं. बरं आहे."

कल्याणीनं दात आवळले. या दोन शब्दांनी तिचं डोकं फिरायचं. आत्या शिकवायची त्या बालवाडीच्या जिन्यावरून घसरल्यापासून अकरा वर्षं, दोन ऑपरेशनं, मणक्यात चिमटलेली शीर, आणि कुणीही विचारलं की आत्याचं उत्तर एकच. बरं आहे. डॉक्टरांना बरं आहे, शेजाऱ्यांना बरं आहे. गेल्या नऊ दिवसांपासून गोळ्या संपल्या होत्या आणि आत्या रात्रभर भिंतीला कपाळ लावून उभी असायची. पहाटे दूधवाल्यानं विचारलं, तर त्यालाही बरं आहे. या पिढीला सोसण्याचं बक्षीस कोण देणार होतं, कल्याणीला कळत नव्हतं. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या मते जगातले निम्मे अन्याय अशा सभ्य माणसांच्या जिवावर चालू होते.

"आज नीट सांगायचं," ती म्हणाली. "सातच्या वर आकडा आला तरच गोळ्या. खाली आला तर मलम. मागे एकदा तीन महिने मलमावर काढलेस, आठवतंय ना?"

"मी कुठं काय बोलते? तिलाच विचारतात."

हे खरं होतं. कार्यालय रुग्णाला काहीच विचारत नसे.

पुढच्या माणसाचा नंबर लागला. त्याची गुडघ्याची वेदना आलीच नव्हती. "साहेब, ती पावसाळ्यात येते," तो म्हणाला. "मग पावसाळ्यात या," खिडकीतून उत्तर आलं. तो आभार मानून गेला. कल्याणीला त्या आभारांचासुद्धा राग आला.

साडेबाराला पुकारा झाला. लिपिक नलावडे चष्मा पुसत होते. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, एक रुग्णाची आणि एक वेदनेची.

"उतरवा," नलावडे म्हणाले.

आत्यानं टेबलाची कड धरली, श्वास सोडला, आणि तिची वेदना एसटीच्या पायरीवरून उतरावं तशी सावकाश खाली उतरली. अंगानं किडकिडीत, केस चापूनचोपून बांधलेले, आत्यासारखंच घडी न मोडलेलं सुती लुगडं. ती दुसऱ्या खुर्चीवर बसली तेव्हा खुर्ची करकरली आणि खुर्चीचा एक पाय फरशीत बोटभर रुतला. नलावडे यांनी ते पाहिलं. पण अर्जात खुर्चीसाठी रकाना नव्हता.

"नाव?"

"सिंधू मारुती खोपडे यांची वेदना," वेदना हळू आवाजात म्हणाली.

"हयात आहात?"

"हो, आपल्या कृपेनं."

"एक ते दहामध्ये किती?"

कल्याणीनं वेदनेकडे रोखून पाहिलं. वेदनेनं पदर सारखा केला. अकरा वर्षं ती ज्या अंगात राहिली होती, त्या अंगाचंच वळण तिला लागलं होतं.

"तसं काही विशेष नाही हो," ती म्हणाली. "चालायचंच. चार म्हणा. तुम्ही जेवलात का?"

नलावडे यांनी चार लिहिले.

"खोटं बोलतेय ती!" कल्याणी उठून उभी राहिली. "भिडेखातर बोलतेय. नऊ दिवस ही बाई झोपलेली नाही."

"बाई, वेदनेनं स्वतः सांगितलंय. तुम्ही वेदना आहात का?"

"नाही."

"मग खाली बसा. हरकत असेल तर फेरतपासणी आहे. नात्यातल्या सज्ञान माणसानं वेदना अंगावर घ्यायची आणि आकडा सांगायचा. तो आकडा अंतिम." त्यांनी नमुना पुढे सरकवला. "सहसा कुणी घेत नाही. मुलगे तर बाहेर चहाला जातात."

"कल्याणी, नको," आत्या म्हणाली.

कल्याणीनं सही केली. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. दहा म्हणायचं. असं ओरडून म्हणायचं की भिंतीवरचे डास उडाले पाहिजेत.

वेदना उठली. "त्रास होईल हं बाळ," असं म्हणून ती कल्याणीच्या पाठीत चढली.

कल्याणीनं टेबल धरलं. कमरेपासून टाचेपर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढली आणि ओढतच राहिलं.

"आकडा?" नलावडे यांनी विचारलं.

दहा हा लहान शब्द आहे. पण त्याला श्वास लागतो, श्वासाला बरगड्या लागतात, आणि बरगड्या पाठीला जोडलेल्या असतात. कल्याणीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिच्या हनुवटीवरून घामाचा थेंब नमुन्यावर पडला.

"रुग्ण निरुत्तर," नलावडे लिहू लागले.

"निरुत्तर काय लिहिता मेल्या!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. सिंधूआत्या उभी होती, ताठ. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याजवळ ओरडायला पुरेसा श्वास होता आणि तो तिनं साठवून ठेवलेला दिसत होता. "पोरीचा रंग बघा! तुमचे डोळे आहेत की बटणं? बिनपाठीच्या बाकावर तीन तास बसवता, वर विचारता किती! दहा लिहा. दहा! नाहीतर ती फाईल मी तुमच्या डोक्यात घालीन!"

नलावडे यांनी शांतपणे चार खोडले आणि दहा लिहिले. "असं आधी सांगायचं," ते म्हणाले. मग नाव खोडून वर कल्याणी खोपडे असं लिहिलं.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"गोळ्या वेदनाधारकाच्या नावे निघतात. तुम्हाला वेदना नाही. यांना आहे. एकदा शिक्का बसला की तिमाही संपेपर्यंत मुक्काम हलवता येत नाही."

"मग खोडा ते. माझी मला परत द्या."

"देतो की. तुमच्याकडे आली म्हणजे आकडा तुमचा. चार. मलम." त्यांनी शिक्का शाईत बुडवला आणि वरच धरला. "काय करू?"

आत्याचा श्वास संपल्यासारखा झाला. तिनं कल्याणीकडे पाहिलं. "माझी आहे गं ती," ती म्हणाली. "मला सवय आहे."

कल्याणीनं मान हलवली नाही, कारण मान हलवायलाही पाठ लागते. तिनं हात लांब करून नलावडे यांचं मनगट कागदावर दाबलं. शिक्का उमटला.

गोळ्यांची पहिली पट्टी आत्यानंच उघडली, एका अंगठ्यानं, सराईतपणे. "अर्धा तास लागतो," ती म्हणाली. "तोवर काही ठरवायचं नाही, कुणावर चिडायचं नाही. श्वास पुरत नाही."

स्टँडवर जाताना आत्या सारखी पुढे निघून जायची आणि मग उभी राहायची. दोन्ही पिशव्या तिच्याच हातात होत्या. रसवंतीपाशी बालवाडीतले जुने शिपाई देवकाते भेटले. सिंधूबाई किती छान दिसताहेत, असं म्हणून झाल्यावर ते कल्याणीकडे वळले. "काय गं, अशी वाकून का उभी? कसं काय?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कार्यालय, नमुना, मुक्काम, पुढच्या तिमाहीत पुन्हा खुर्ची. देवकाते दोन्ही हात मागे बांधून ऐकायला उभे होते.

"बरं आहे," कल्याणी म्हणाली.

"छान, छान," देवकाते म्हणाले आणि लगेच निघून गेले.

"बघ," आत्या म्हणाली. "लवकर जातात."