रबरी चपलेवरचा आळ

झेनिवाल्दोची डावी टाच दुखायला लागली तेव्हा तो आधी टाचेवर चिडला, मग फरशीवर, मग जानेवारीच्या उन्हावर. चपलेवर मात्र चिडला नाही. चिडणार कसा? बार्रा सेकाच्या बाजारात रबरी चपलांचं दुकान त्याचं एकट्याचं. आमच्या गावात उन्हाळा नाताळापासून, आणि तेव्हा डांबर इतकं मऊ होतं, की नाताळात उमटलेलं कुत्र्याचं पाऊल ईस्टरपर्यंत ओळखता येतं. अशा गावात अनवाणी चालणं वेडेपणा, आणि बूट घालणं त्याहून मोठा. न्हाव्यापासून नगराध्यक्षापर्यंत सगळ्यांच्या पायात झेनिवाल्दोच्याच चपला.

आणि नेमकं त्याच्याच दुकानासमोर, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, नव्या डॉक्टरीणबाईंनी एक भलंमोठं चित्र लावलं. हिरव्या पट्ट्याची रबरी चप्पल, तिच्यावर लाल फुली, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, ‘टाच दुखते? गुन्हेगार तुमच्या पायातच आहे!’

“हिरवा पट्टा!” झेनिवाल्दो आपल्या उंच स्टुलावरून गरजला. “माझ्याच दुकानातला नग! माझ्याकडून घेऊन गेल्या आणि माझ्याच डोळ्यांसमोर फुली मारली! गुन्हेगार म्हणे!”

दुकानाच्या दाराशी दोना नेउझाची कढई असते; दोना म्हणजे आमच्याकडे मानानं ‘बाई’. चवळीच्या पिठाचे आकाराझे ती तिथे तीस वर्षं तळते आहे, आणि गावातल्या बातम्याही तिथेच तळल्या जातात.

“ओरडू नकोस रे,” ती झारा हलवत म्हणाली. “पण मग तू लंगडतोस कशानं?”

“मी लंगडत नाही. डौलात चालतोय.”

“माझ्या नवऱ्याचा बैल असाच डौलात चालायचा. शेवटी विकला.”

झेनिवाल्दो काहीतरी खरमरीत बोलणार होता, पण तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं चप्पल उचलून तळ पाहिला आणि टाकली, ती पालथी. झेनिवाल्दोनं स्टुलावरून थेट फरशीवर उडी मारली, चप्पल सुलटी केली आणि कण्हत पुन्हा वर चढला. त्यात नवल काहीच नव्हतं. पालथी चप्पल तशीच राहू दिली तर चपलेच्या मालकाची आई मरते, हे आमच्याकडे तान्ह्या पोराला दुधाआधी कळतं. ज्याची चप्पल, त्याची आई. पण विकली जाईपर्यंत दुकानातली प्रत्येक चप्पल झेनिवाल्दोची. तीनशे जोड, सहाशे चपला, आणि आई एकच.

आठवडाभरात धंद्यावर सावट आलं. बायका दुकानात येत, हातात जोड घेत, समोरचं चित्र बघत, झेनिवाल्दोचा डौल बघत आणि जोड हळूच खाली ठेवून निघून जात. पालथा. पुन्हा उडी. शेवटी एका सोमवारी तो तडक आरोग्य केंद्रात घुसला.

डॉक्टर सोरैया तरुण, चष्मेवाली, दक्षिणेकडच्या थंड मुलखातून आलेली आणि कामाला वाघीण. तिनं त्याचं सगळं भाषण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झोपा इथं.” मग टाचेच्या मधोमध अंगठा दाबला. झेनिवाल्दो इतका वर उडाला, की छताच्या पंख्यात त्याची टोपी अडकली. ती अजून तिथेच फिरते आहे म्हणतात.

“बघा,” ती शांतपणे म्हणाली. “सपाट तळ, पायाच्या कमानीला आधार नाही, पट्टा धरून ठेवायला बोटं सारखी आवळलेली. ताण जातो टाचेखालच्या स्नायुबंधावर. चौदा दिवस बूट घाला.”

“बूट? मी? अहो, चपलांच्या दुकानात बूट घालून बसू? खाटकाला कधी नुसता कोबी खाताना पाहिलंय?”

“मी कोबीच खाते. चौदा दिवसांत उतार पडला नाही, तर ते चित्र मी स्वतः फाडीन आणि तुमच्याकडून जोड घेऊन गावभर फिरेन.”

“आणि पडला तर?”

“तर तुम्हीच ते चित्र दुकानात लावायचं. आतल्या बाजूला.”

झेनिवाल्दोचा चेहरा त्या फुलीपेक्षा लाल झाला. “लागली पैज!” तो म्हणाला आणि डौलात बाहेर पडला.

आता बूट म्हणजे त्याच्याकडे एकच जोड. काळा, चकचकीत, लग्नातला. लग्नानंतर तो फक्त कुणाची शवपेटी निघाली की निघायचा. बार्रा सेकात सगळ्यांचंच असं आहे. काळे बूट दिसले की लोक आधी टोपी काढतात आणि मग विचारतात, कोण गेलं.

मंगळवारी सकाळी बूट घालून तो रस्त्यावर आला. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. रस्त्यावरच्या दोघांनी छातीवर क्रूसाची खूण केली. बूट तीस वर्षांत एक आकार आखडले होते, त्यामुळे झेनिवाल्दोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोना नेउझानं आधी ते डोळे पाहिले, मग बूट, आणि तिचा झारा हवेतच थांबला.

“अरे देवा! झेनिवाल्दो, बाळा, कोण गेलं रे?”

एक शब्द बोलला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, समोर लाल फुली होती, आणि ‘कुणी नाही, टाच दुखते म्हणून डॉक्टरनं बूट घालायला सांगितलेत’ हे वाक्य त्याच्या गळ्यातून मेलं तरी निघेना. त्यानं मान खाली घातली आणि गप्प राहिला.

बायको जाऊन वर्षं झाली होती; आता जगात त्याला नातेवाईक एकच, आई. नेउझानं पिठाचे हात तसेच त्याच्या गळ्यात टाकले. “सोसायलाच हवं, बाळा. तू काही बघू नकोस. सगळं आम्ही करतो.” आणि कढई जळती सोडून ती धावत सुटली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

झेनिवाल्दोला वाटलं, बरं झालं, प्रश्न टळला. तो आत जाऊन बूट सैल करत बसला. अर्ध्या तासानं चौकातून तियाँवची भोंग्याची गाडी आली. एरवी ती टोमॅटोचे भाव सांगत फिरते. आज तिच्यावर ऑर्गन वाजत होता.

“अत्यंत दुःखानं कळवण्यात येतं की, आपल्या लाडक्या दोना इदालिना, चपलावाले झेनिवाल्दो यांच्या मातोश्री, वय वर्षे चौऱ्याऐंशी…”

झेनिवाल्दो स्टुलावरून पडला. या खेपेला उडी नव्हती.

चढावरच्या गल्लीतून, सैल नाड्यांच्या बुटांत, तो आईच्या घराशी पोचला तेव्हा निम्मं गाव तिथे जमलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात मयत दुसरा दिवस बघत नाही, त्यामुळे लोक घाई करतात. कुणी कॉफीची किटली आणली होती, कुणी घरच्या खुर्च्या. फुलांचं चक्र दाराला टेकवलेलं होतं. आणि ओट्यावर, एका हातात मासे साफ करायची सुरी आणि दुसऱ्या हातात अर्धा मासा घेऊन, दोना इदालिना स्वतः उभ्या होत्या.

“चौऱ्याऐंशी?” त्या किंचाळत होत्या. “कोण मेला म्हणाला चौऱ्याऐंशी? अजून एकोणऐंशी पुरी नाहीत मला!”

“जाऊ दे, दोना,” गर्दीतून कुणीतरी समजूत घातली. “आता वयाचं काय एवढं?”

गर्दीला ढकलत डॉक्टर सोरैया आली. तीही धुमसत होती. “काल तपासलं मी यांना! ठणठणीत होत्या! माझ्या परवानगीशिवाय गेल्या कशा?”

“मी कुठं गेलेय, पोरी?”

झेनिवाल्दो धापा टाकत ओट्यावर चढला. लहानपणापासूनच्या सवयीनं तो म्हणाला, “आशीर्वाद दे, आई.”

“देव तुझं भलं करो,” आईही सवयीनंच म्हणाली. मग तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. “काळे बूट! मी जिवंत असताना माझ्याच दारात काळे बूट!”

सुरी खाली गेली, पायातली चप्पल हातात आली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिचा नेम पक्का होता, पण झेनिवाल्दोला चुकवायची सवय त्याहून जुनी. तो वाकला. चप्पल त्याच्या डोक्यावरून गेली, फुलांच्या चक्राला चाटून गेली आणि रस्त्याच्या मधोमध पडली.

पालथी.

चप्पल आईची होती, म्हणजे खरं तर धोका आजीला, आणि आजी कधीच स्वर्गात. पण टाच असला हिशोब करत नाही. झेनिवाल्दोनं कमरेइतक्या उंच ओट्यावरून उडी ठोकली, डाव्या टाचेवर आदळला, चप्पल सुलटी केली आणि असा ओरडला की बंदरावरचे बगळे उडाले.

डॉक्टर सोरैया हळूहळू त्याच्याजवळ येऊन बसली. “हे असं तुम्ही नेहमी करता?”

“म्हणजे काय! आई आहे माझी!”

“दुकानातसुद्धा? दिवसातून किती वेळा?”

“चाळीस… सणाच्या दिवसांत साठ.”

“त्या उंच स्टुलावरून? डाव्या पायावर?”

“उजव्या बाजूला गल्ला आहे ना.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आणि हे मला काल सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही चपलेचं विचारलंत. उडीचं कुठं विचारलंत?”

“चप्पल अगदी निर्दोष नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “दिवसभर सपाट रबरावर उभं राहणं वाईटच. पण यांची टाच चपलेनं नाही दुखत. आईच्या मायेनं दुखते.”

गर्दीतल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. दोना नेउझा तर हमसून रडली. एकट्या दोना इदालिनांचा पारा तेवढाच चढलेला होता.

“माझ्यासाठी उड्या मारतोस? पन्नास वर्षांचा घोडा तू!” त्यांनी मुलाचा कान धरला आणि त्याला घरामागच्या अंगणात नेलं. मागोमाग सगळी गर्दी. कुंपणाच्या भिंतीवर धुतलेल्या चपलांचे चार जोड ओळीनं वाळत होते. आठही पालथ्या.

“आई!”

“मग काय करू? तळ ओले ठेवू? मी नेहमी अशाच वाळवते. माझी आई होती तेव्हाही माझ्या चपला मी अशाच पालथ्या घालायची. सत्त्याण्णव वर्षं जगली म्हातारी. शेवटी शेवटी आम्ही कंटाळलो होतो.”

आणलेली कॉफी लोकांनी पिऊन टाकली. फुलांचं चक्र दोना इदालिनांनी ठेवून घेतलं, फक्त त्याच्यावरची वयाची पट्टी तियाँवकडून दुरुस्त करून घेतली. झेनिवाल्दोनं बूट काढले ते तिथेच, आणि आईनं शपथ घालून सांगितलं की पुन्हा उडी मारलीस तर मी खरंच मरेन.

दोन आठवड्यांनी टाच बरीच निवळली. पैज कोण जिंकलं यावर बाजारात अजून मारामाऱ्या होतात, पण डॉक्टर सोरैयानं चित्र आपण होऊन काढलं, आणि एका दुपारी ती जाड तळाचा एक जोड घ्यायला दुकानात आली. झेनिवाल्दो स्टुलावर बसून होता. तिच्या कोपराचा धक्का लागून मांडणीवरची एक चप्पल खाली पडली. पालथी.

झेनिवाल्दोनं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कपाळावर घाम आला, पण तो हलला नाही. आईची शपथ होती.

डॉक्टरीणबाईंनी जोड पसंत केला, पैसे दिले, जुने बूट पिशवीत घातले आणि नवा जोड पायात घालून ती दारापर्यंत गेली. तिथे थांबली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. मग परत आली, पायाच्या अंगठ्यानं ती चप्पल हळूच सुलटी केली आणि चष्मा सावरला.

“वाटेत होती,” ती म्हणाली. “कुणीतरी अडखळलं असतं.”

“हो ना,” झेनिवाल्दो म्हणाला. “तुमची आई कुठं असते, डॉक्टर?”

“कुरितीबाला, तिकडे दक्षिणेत. एकटीच असते. का?”

“काही नाही. सहज विचारलं.”