विषयपत्रिकेतला धबधबा

परभणी जिल्ह्यात नाव घेण्याजोगा धबधबा नाही. जमीन सपाट असल्यामुळे ही उणीव निर्माण झाली असून तिच्याबद्दल कोणत्याही अधिकाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. तरीसुद्धा चौथीच्या भूगोलात धबधबा होता आणि तो शिकवावा लागत होता.

ताडकळसच्या शाळेत कुसुमबाई तो बरीच वर्षे शिकवत होत्या. पद्धत साधी होती. बाई ओट्यावर स्टूल ठेवत, स्टुलावर उभ्या राहत आणि भरलेली घागर वरून उपडी करत. मुले "धबधबा! धबधबा!" म्हणून टाळ्या पिटत, आणि खाली झालेला चिखल बघून हेडमास्तर कपाळाला हात लावत. पण १९७६ सालची चौथी जरा चौकस निघाली. घागर रिकामी झाल्यावर एका मुलीने विचारले, "बाई, खऱ्या धबधब्याचा आवाज कसा येतो?" दुसरी म्हणाली, "बाई, तुमी बघितलाय का?"

शिक्षकाला अशा वेळी दोन मार्ग असतात. मुलीला खाली बसवावे, किंवा खरे सांगावे. कुसुमबाईंनी खरे सांगितले. "नाही बघितला," त्या म्हणाल्या, "पण बघून येते. मग सांगते." मुले असली वाक्ये विसरत नाहीत. रोज प्रार्थना झाली की पहिल्या रांगेतून प्रश्न यायचा, "बाई, बघितला का?"

म्हणून परभणीच्या शिस्तबद्ध सहल व प्रबोधन समितीने सहस्रकुंड धबधब्याची एक दिवसाची मार्गदर्शित सहल जाहीर केली, तेव्हा बाईंनी सर्वांत आधी नाव नोंदवले. एक नाव स्वतःचे, दुसरे सासूबाईंचे. धुरपताबाईंना धबधब्यात रस नव्हता. पण सून एकटी कुठे जात नाही, असा त्यांच्या घरचा नियम होता आणि त्या नियमामुळे त्यांनी आजवर बराच मुलूख बघितला होता.

ते शिस्तीचे दिवस होते. बसच्या पाठीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, कडुनिंबाच्या बुंध्यावरसुद्धा शिस्तीची वाक्ये रंगवलेली होती. अशा काळात माणसे उठून उगाच धबधबा बघायला गेली असती तर ते बरे दिसले नसते. म्हणून समितीने सहलीला अध्यक्ष नेमले. अध्यक्ष आबासाहेब. अध्यक्ष म्हटल्यावर सूचना आली, अनुमोदन आले, हार आला. हार म्हटल्यावर तो घालणारा कार्यवाह आला. कार्यवाह दिनकरराव. आणि सहल मार्गदर्शित असल्यामुळे मार्गदर्शक आले, पंडितराव. त्यांच्या छातीवर बिल्ला होता. बिल्ल्यावर 'मार्गदर्शक' असे लिहिलेले असल्याने त्यांनी सहस्रकुंड पाहिले आहे का, हे विचारण्याचे कोणाला कारण उरले नव्हते.

बस परभणीहून निघून ताडकळसवरूनच पुढे जाणार होती. "मग आम्ही आमच्या फाट्यावरच बसतो ना," असे कुसुमबाईंनी सुचवून पाहिले. दिनकररावांनी मान हलवली. "बाई, सहलीची सुरुवात परभणीला आहे. सुरुवातीला हजर नसलेला माणूस मधूनच कसा सुरू होईल?" म्हणून सासू-सुना आदल्या दिवशीच परभणीत येऊन नातेवाइकांकडे राहिल्या.

पहाटेची बस उद्घाटनामुळे सकाळी सुटली. उद्घाटक उशिरा आले, पण आल्यावर त्यांनी वेळेचे महत्त्व या विषयावर सविस्तर भाषण केले. मग नारळ फुटला, आणि बस निघाली ती ताडकळसला येऊन थांबली. फाट्यावर हलगी वाजत होती. आबासाहेबांनी वाटेतल्या प्रत्येक गावी स्वागताची पत्रे आधीच धाडली होती. गावकऱ्यांनी परभणीच्या पाहुण्यांना खाली उतरवले, कुंकू लावले, हार घातले. कुसुमबाईंच्या कपाळाला कुंकू लावणारी कडूबाई त्यांच्या शेजारच्याच घरात राहत होती.

"या पाहुण्या," कडूबाई म्हणाली, "परवास कसा झाला?"

"मेल्ये, तुझी शेळी परवा माझी तुळस खाऊन गेली, ते सांग आधी," धुरपताबाई म्हणाल्या.

"ते संध्याकाळी बघू. आत्ता तुमी पाहुण्या हायत."

स्वागतानंतर गावातर्फे दोघांनी मनोगत व्यक्त केले, आणि समितीतर्फे दिनकररावांनी आभार मानले. मग स्वागताध्यक्षांना तसेच मागे सोडणे योग्य दिसेना, म्हणून त्यांना बसमध्ये पुढच्या बाकावर घेतले. पूर्णेला तेच झाले. नांदेडला तेच झाले. भोकरला स्वागताध्यक्ष दोन होते, कारण गावात दोन गट होते. पुढचे बाक भरत गेले तशी पुढची माणसे मागे सरकत गेली, आणि मागची उभी राहिली. हिमायतनगर सोडले तेव्हा धबधबा बघायला निघालेली जवळपास सगळी माणसे उभी होती आणि त्यांचे स्वागत करणारी बसलेली होती.

उभ्याने जाण्याचा एक फायदा असा असतो की खिडकीबाहेरचे दिसते. पण पंडितरावांचे लक्ष होते.

"कृपया डाव्या बाजूला पाहू नका," ते म्हणाले. "डावीकडची माहिती अजून दिलेली नाही."

"अवो, नदी हाय ती," धुरपताबाई म्हणाल्या.

"आजी, तीच पैनगंगा. पण आत्ता फक्त पाहिलीत. माहिती मिळाल्यावर पुन्हा पाहाल तेव्हाच ते पाहणे धरले जाईल."

मग पंडितरावांनी माहिती दिली. उंची, रुंदी, ऋतू, आख्यायिका. माहिती चांगली होती. कुसुमबाईंनी विचारले, "आणि आवाज कसा येतो हो?" पंडितरावांनी हातातल्या कागदांत पाहिले. "आवाजाबद्दल इथे काही नाही," ते म्हणाले, "म्हणजे तो महत्त्वाचा नसावा."

बस सहस्रकुंडला पोचली तेव्हा ऊन कलले होते. दाराशी आधी स्वागताध्यक्ष उतरले, मग अध्यक्ष, मग ज्यांना अध्यक्षांच्या मागे उतरण्याचा मान होता ते, आणि शेवटी बाकीचे. आवाज येत होता. कुसुमबाईंनी पदर खोचला आणि त्या दिशेने दोन पावले टाकली. दिनकररावांनी हात आडवा केला.

"बाई, कुठं निघालात?"

"धबधबा बघायला."

"ते शेवटी आहे." त्यांनी छापील विषयपत्रिका पुढे धरली. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, मार्गदर्शन, सत्कार, मनोगते, फोटो, अध्यक्षीय समारोप, आभार, आणि सर्वांत खाली, विषय क्रमांक अकरा: 'धबधबा (वेळ असल्यास)'.

खडकावर व्यासपीठ तयार होते. समोर सतरंज्या होत्या. पाहुण्यांच्या पाठीमागे शोभा यावी, म्हणून व्यासपीठ नेमके धबधब्यापुढे मांडले होते. आणि येथेच नियोजनात चूक झाली. लोक सतरंजीवर बसले आणि पाहुण्यांच्या डोक्यांवरून मागे बघू लागले. दिनकररावांनी प्रास्ताविक सुरू केले तरी कोणी त्यांच्याकडे पाहीना. शिवाय आवाज होता.

"तो आवाज बारीक करा!" दिनकरराव भोंगेवाल्यावर ओरडले.

"माझा न्हाई साहेब, पाण्याचा हाय," भोंगेवाला म्हणाला.

आबासाहेबांनी कार्यवाहांच्या कानाशी तोंड नेले. "पाणी थोडा वेळ बंद ठेवता येईल का? निदान परिचय होईपर्यंत?" दिनकररावांनी चौकशी केली, पण वर धरण नव्हते, दार नव्हते, आणि अर्ज कोणाच्या नावे करायचा तो अधिकारीही नव्हता. एवढे पाणी कोणाच्या सहीशिवाय पडत आहे, हे कळल्यावर आबासाहेबांनी ती बाब टिपून ठेवायला सांगितली.

मार्ग काढला तो फोटोवाल्या लिंबाजीने. समितीने त्याला परभणीच्या त्याच्या स्टुडिओतून सरकारी पद्धतीचा फोटो काढण्यासाठी आणले होते, आणि त्याने येताना आपला पडदा आणला होता. लग्न झालेली जोडपी, नोकरीला लागलेली मुले, पहिली आलेली मुलगी, अशा सगळ्यांचे फोटो त्या पडद्यापुढे निघत. त्यावर निळे डोंगर होते, चंद्र होता, तळ्यात बदके होती आणि मधोमध एक भला मोठा धबधबा होता.

"साहेब, खरं पाणी फोटोत पांढरं फटक येतंय," लिंबाजी म्हणाला. "मानसाचं तोंड काळं पडतंय न् पाणी उजेड मारतंय. ह्यो लावा मागं. धार न् धार दिसल. इंतजाम पक्का हाय."

बांबू रोवले, पडदा ताणला. खरा धबधबा त्यामागे पूर्ण झाकला गेला आणि सभेला एकदम शिस्त आली. लोकांची नजर व्यासपीठावर स्थिरावली. पंडितरावांनी छडी मागवली आणि मार्गदर्शन केले. "ही मुख्य धार. ही उपधार. इथे पाणी आपटून तुषार उडतात." छडी लागत होती तिथे तुषार खरोखरच रंगवलेले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मते, एवढा समजायला सोपा धबधबा त्या खडकावर याआधी कोणी पाहिला नसेल.

"आगं कुसुम," धुरपताबाई कुजबुजल्या, "ह्याच्यात तं बदकं हायत!"

"तो पडदा आहे, आत्याबाई. खरा मागं आहे."

"मग ही मानसं पडद्याला टाळ्या कामून वाजवायलीत?"

"मार्गदर्शन झालं म्हणून."

सत्कार झाले. प्रत्येक स्वागताध्यक्षाला शाल, श्रीफळ आणि हार मिळाला. भोकरच्या दोघांपैकी दुसऱ्याला शालीऐवजी उपरणे मिळाल्याने त्याचे मनोगत लांबले. फोटो निघाला. मग आबासाहेब समारोपाला उभे राहिले, तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. विषय होता 'निसर्ग आपल्याला काय शिकवतो'. आबासाहेबांच्या म्हणण्यानुसार निसर्ग संयम शिकवत होता.

कुसुमबाई पडद्याकडे बघत होत्या. वाऱ्याने तो फुगत होता, रंगवलेले पाणी थरथरत होते, आणि मागून तो आवाज येत होता, ज्याबद्दल त्यांच्या वर्गाने विचारले होते. अंधार पडला की ड्रायव्हर थांबणार नव्हता. त्याने तसे दोनदा भोंगा वाजवून सांगितले होते. आता नाही, तर परत कधीच नाही. त्यांना उद्याची प्रार्थना दिसली, पहिली रांग दिसली. त्या उठल्या.

स्वयंसेवक धावत आला. "बाई, खाली बसा. समारोप चाललाय."

"धबधबा बघून येते. दोन मिनिटं."

"सभा चालू असताना धबधब्याची परवानगी न्हाई."

"मग कशाची आहे?"

स्वयंसेवकाने सूचनांचा कागद आठवून पाहिला. "लघुशंकेची हाय," तो म्हणाला.

कुसुमबाईंनी आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवले होते. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग करंगळी वर केली.

"आडोसा कुठाय?" त्यांनी विचारले.

आडोसा एकच होता. पडद्याच्या मागे.

"मलाबी लागलीय," धुरपताबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. त्यांच्या शेजारची बाई उठली. तिच्या मागची उठली. बघता बघता बायकांची सगळी रांग करंगळ्या वर करून उभी राहिली आणि एकामागून एक पडद्याच्या कडेने पलीकडे गेली. स्वयंसेवकाने सूचनांचा कागद पुन्हा आठवून पाहिला. नियमात अशा गोष्टीला संख्येची मर्यादा नव्हती. आबासाहेबांनी भाषण थांबवून तिकडे काळजीने पाहिले. बायका लवकर परत आल्या नाहीत. बराच वेळ आल्या नाहीत. समारोप झाला, आभार झाले, अंधार पडला, विषय क्रमांक अकरा वेळेअभावी तहकूब झाला, आणि ड्रायव्हरने भोंगा दाबून धरला तेव्हा त्या आल्या. त्यांच्या चेहऱ्यांवर आणि लुगड्यांवर पाणी होते. धुरपताबाईंनी बसमध्ये चढताना सुनेचा हात धरला होता, तो ताडकळस येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या बैठकीत समितीने सहल यशस्वी झाल्याचा ठराव केला. लिंबाजीचा फोटो सर्वांना दाखवण्यात आला. त्यात पाणी अतिशय स्पष्ट आले होते. महिला वर्गाच्या प्रकृतीबद्दल मात्र चिंता व्यक्त झाली. एकाच वेळी इतक्या महिलांना इतका वेळ त्रास व्हावा, ही बाब गंभीर होती. तेव्हा आबासाहेबांनी उदार मनाने सूचना मांडली की ज्या जागी महिलांनी आडोसा शोधला, नेमक्या त्याच जागी समितीने पक्क्या विटांचे, उंच भिंतींचे महिला प्रसाधनगृह बांधावे. सूचनेला अनुमोदन मिळाले. कोनशिलेवर कोणाचे नाव आधी, यावर चर्चा चालू राहिली.

सहलीच्या दुसऱ्याच दिवशी ताडकळसच्या शाळेत प्रार्थना झाली. पहिल्या रांगेने विचारले, "बाई, बघितला का?" कुसुमबाई म्हणाल्या, "बघितला." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी घंटा झाली तरी चौथीतून कोणी उठले नाही.

सहलीची सगळी हकीकत तुम्ही आता वाचलीत. अध्यक्ष कोण होते ते तुम्हाला माहीत आहे. कोणाला शाल मिळाली आणि कोणाला उपरणे, हेही तुमच्या लक्षात राहील. पडद्यावर बदके होती, हे तर तुम्ही घरी सांगालसुद्धा. पडद्यामागे बायकांना काय दिसले, पाणी कसे पडत होते, आवाज कसा येत होता, हे मी कुठेच लिहिले नाही. मी वाट पाहत होतो. मध्ये एखादा तरी विचारील असे वाटले होते. चौथीच्या वर्गात त्या सकाळी एकही हात खाली नव्हता.