एक थेंब गळत नाही

जालिंदर साळवे सरांनी नगरच्या केडगावात दोन खोल्यांचं बैठं घर घेतलं ते राहायला नव्हे, भाड्यानं द्यायला. आयुष्यातली ही त्यांची पहिली गुंतवणूक होती आणि हा शब्द ते शाळेच्या स्टाफरूममध्ये फार चवीनं उच्चारत. घर मात्र जुनं होतं. रंग उडालेला, मोरीची फरशी फुटलेली, नळ गंजलेले. मिस्त्री बोलावला तर तो आल्या आल्या भिंतीवर टकटक करून "हे बांधलंय कुणी?" असं विचारणार आणि अर्धं घर पाडायला सांगणार, याची सरांना खात्री होती. शिवाय सर भूगोल शिकवत. ज्याला पृथ्वी कळते त्याला मोरी कळणार नाही, हे त्यांना काही पटेना.

"समदं मीच करणार," त्यांनी घरी जाहीर केलं. "मोबाईलवर सगळं दाखवत्यात."

त्यांची बायको यशोधरा त्या वेळी खालच्या टाकीतून भरलेल्या दोन बादल्या घेऊन जिना चढून आली होती. सावेडीतला त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. घरात नळ होते, चांगले चकचकीत होते, पण तिथवर चढायचा पाण्याला कायमचा कंटाळा. यशोधरेनं बादल्या खाली ठेवल्या, दम खाल्ला.

"करा की. पण येत्या रविवारपर्यंत. तवर भाडेकरू ठरला तर ठरला, न्हाईतर तिथं आमचा अंगद ऱ्हाईल. मी त्याला शब्द दिलाय."

अंगद हा त्यांचा मेव्हणा. गावी कोल्हारला बसून तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करी आणि अभ्यासाला शहरच लागतं असं त्याचं ठाम मत होतं. मागं एकदा तो दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि दोन उन्हाळे राहिला. सरांचा टॉवेल, सरांची चप्पल, सरांची गाडी, सगळं त्यानं आपलं मानलं होतं. असा माणूस एकदा नव्या घरात शिरला की त्याला बाहेर काढायला कोर्टच लागलं असतं, आणि यशोधरा अर्थातच त्याच्या बाजूनं उभी राहिली असती. सरांनी दुसऱ्याच दिवशी शाळेत रजा टाकली.

आधी रंग झाला. डब्यावर बदामी दिसणारा रंग भिंतीवर पिठल्यासारखा दिसू लागला, तेव्हा सरांनी खिडकी लावून घेतली. कमी उजेडात तो बराच बदामी वाटे. मग मोरी. फरशीला ढाळ द्यावा लागतो हे त्यांनी व्हिडिओत नीट ऐकलं होतं, पण कुठल्या बाजूला द्यायचा हे सांगायच्या वेळेला नेमकी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. फरशी बसली, सिमेंट वाळलं. सरांनी ढाळ बघायला मोरीत गोटी ठेवली. गोटी जाळीकडं ढुंकूनही न बघता डौलात हॉलकडं गेली.

सरांनी गोटी उचलून खिशात टाकली. मोरीत पाणी सांडायचंच कशाला, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि तो त्यांना आवडला.

शेवटी नळ. जुने काढले, नवे बसवले, प्रत्येक जोडाला पांढरी टेप गुंडाळली, पान्ह्यानं पिळलं. मग बाहेरचा मेन कॉक पूर्ण उघडला आणि आत येऊन एकेका जोडाखालून बोट फिरवलं. बोट कोरडं. दुसरा जोड, कोरडा. शॉवर, बेसिन, सगळं कोरडं ठणठणीत. सर खुशीत बाहेर आले. शेजारच्या बनाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या.

"बनाबाई, सगळं स्वतः बसवलं. एक थेंब गळत नाही!"

"लई भारी," बनाबाई म्हणाल्या आणि खडा फेकून दिला.

आता त्या दिवशी नळाला पाणीच नव्हतं. त्या कॉलनीत पाणी तीन दिवसांआड येई. पण ज्याचा जन्म कोरड्या नळाच्या सहवासात गेला, त्यानं नळ सोडला आणि पाणी आलं नाही, तर त्यात त्याला वावगं ते काय वाटणार? सरांनी मेन कॉक तसाच उघडा ठेवला, हात धुवायला शेजारून तांब्याभर पाणी मागितलं आणि समाधानानं घरी गेले.

रविवारी सकाळी सुमैरा मॅडम घर बघायला आल्या. तिसगावच्या राहणाऱ्या, बँकेतल्या अधिकारी, बदली होऊन नुकत्याच नगरला आलेल्या. त्यांना घाई होती, पण नजर बारीक होती. यशोधराही आली होती, "मी नुस्ती बघायला आलेय" असं म्हणत.

"हा रंग कोणता म्हणायचा?" मॅडमनी विचारलं.

"बदामी," सर म्हणाले. खिडकीला पाठ लावून ते उभे होते.

"बदाम खवट दिसतोय. आणि नळ कुणी बसवलेत?"

सरांची छाती फुगली. "मी स्वतः. मॅडम, एक थेंब गळत नाही."

तेवढ्यात बाहेरून बनाबाईंची हाळी आली, "पानी आलंऽऽ! आज मधीच सोडलंय गंऽऽ!"

गल्लीत दारं धडाधड उघडली. सरांच्या मोरीत आधी 'फुस्स' झालं. मग नळ खोकला. मग बेसिनखालच्या जोडातून एक बारीक धार निघाली आणि थेट सरांच्या चष्म्यावर आली. सरांनी तिच्यावर अंगठा दाबला, तर दुसऱ्या जोडातून निघाली. दुसऱ्यावर टाच दाबली, तर शॉवर मुळापासून निखळला आणि भिंतीतून मनगटाएवढा लोट समोरच्या दारावर आदळू लागला. पाण्यानं जाळीकडं न जाता हॉलचा रस्ता धरला.

"अहो, मेन कॉक बंद करा!" यशोधरा ओरडली.

सर धावले. त्यांनी सगळा जीव लावून कॉक पिळला आणि त्याचा दांडा त्यांच्या हातात आला.

ते परतले तेव्हा मॅडम रंगकामासाठी आणलेल्या खुर्चीवर चढल्या होत्या आणि बनाबाई कळशी घेऊन आत शिरत होत्या. "अगं बया, एवढं पानी वाया?" असं म्हणत त्यांनी कळशी लोटाखाली धरली. त्यांच्या मागं गल्लीतल्या बाया हंडे, टोप, कुकरची भांडी घेऊन आल्या. रांग लागली. सर मध्ये आले तर त्यांना कुणीतरी म्हणालं, "सर, लाईन मोडू नका."

यशोधरेनं पदर खोचला होता आणि ती लोटाखालून बादल्या काढून देत होती. सर ओल्या भिंतीला टेकले. बदामी रंग त्यांच्या पाठीला लागला. डोळ्यांपुढं अंगद उभा राहिला. फार वाईट वाटलं त्यांना, अगदी रडू येईल असं.

"सर," खुर्चीवरून मॅडमचा आवाज आला. "इथं नेहमी इतक्या जोरात पाणी येतं?"

उत्तर बनाबाईंनी दिलं. "मेन लाईन आपल्या उशालाच हाय, मॅडम. आधी आमाला, मग गावाला."

मॅडम खुर्चीवरून खाली उतरल्या. घोटाभर पाण्यात सँडलसकट उभ्या राहिल्या. "आमच्याकडं टँकर आला की मी बँकेत जायची साडी नेसलेली असले तरी हंडा घेऊन पळते. सर, रंग बदला, फरशी उपटा, नळाला माणूस लावा. पण घर मला पसंत आहे. आजच ठरवू."

सरांना पाण्यात लोळण घ्यावीशी वाटली. अंगद टळला! गुंतवणूक वाचली! त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं. तेवढ्यात यशोधरा बोलली.

"मॅडम, माफ करा हं. हे घर द्यायचं न्हाई."

"अगं!" सर किंचाळले.

"हितं आपण ऱ्हायचं. असलं पानी भाडेकरूनं घ्यायचं आन् मी तिकडं जिने चढत ऱ्हायचं व्हय?"

तिच्या चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं आणि ती हसत होती. लग्न झाल्यापासून सरांनी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं. तिच्याशी भांडणं त्यांना जमेना. ते घाईघाईनं मॅडमकडं वळले.

"मग आमचा सावेडीतला फ्लॅट घ्या. एकदम झकास. हवा काय, उजेड काय..."

"पाणी चढतं का वर?"

सरांनी यशोधरेकडं पाहिलं. यशोधरेनं बादलीकडं पाहिलं. मॅडमनी पर्स खांद्याला लावली आणि त्या पाणी तुडवत निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात खऱ्या प्लंबरनं केडगावचे नळ बसवले आणि साळवे कुटुंब तिथं राहायला गेलं. रिकाम्या फ्लॅटला भाडेकरू काही मिळेना. एक दिवस सावेडीत फ्लॅटखाली टेम्पो थांबला. "जयभीम दाजी," म्हणत अंगद उतरला. त्याचं कपाट जड होतं, हमाल नव्हता. अंगदनं वरची बाजू धरली, सरांनी खालची. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सरांचा पाय घसरला आणि कपाट भिंतीला घासलं.

"दाजी, जरा दमानं," अंगद वरून म्हणाला. "भिंत खराब हुईल. आता हितं आमाला ऱ्हायचंय."