स्क्रूखालचा निळा रंग

बुलाडेरी गावातल्या पुरुषांच्या शेडमध्ये, डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळच्या चहाच्या थोडं आधी, डेस ब्रॅनिगनने आपल्या मोटरसायकलवरचं एक नवं बटण दाबलं आणि दिवे लागले नाहीत. घटना एवढीच. पण ज्या संस्थेला अध्यक्ष आहे, चिटणीस आहे आणि वर सुरक्षा उपसमितीही आहे, तिथे एवढीशी घटना एवढीशी राहत नाही.

निवृत्त पुरुषांनी दिवसभर घरात बायकांच्या पायात पायात येऊ नये, त्यांच्या हातांना काम मिळावं आणि जमलंच तर त्यांनी मनातलं बोलावं, या थोर हेतूने ही शेड उभी राहिली होती. आत करवती होत्या, पत्र्याच्या कात्र्या होत्या, आणि भिंतीवर आरोग्यवाल्यांनी लावलेला मोठा फलक होता: 'मनात ठेवू नकोस, गड्या. बोल.' फलकाच्या बरोबर खाली चहाची किटली असल्यामुळे तो सगळ्यांना पाठ होता. बोलणंही भरपूर व्हायचं. क्रिकेटवर, पावसावर आणि गुडघ्यांवर.

डेसचे दिवे म्हणजे हौसेचे दिवे. इंजिनखाली आणि टाकीखाली चिकटवायच्या एलईडीच्या पट्ट्या. पण यंदा ती नुसती हौस नव्हती. दर नाताळाच्या आधी गावातले मोटरसायकलवाले खेळणी बांधून घेतात आणि अंधार पडता पडता मैदानातून निघून रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डापर्यंत मिरवत जातात. सगळ्यात पुढच्या गाडीवर, मागच्या सीटवर सांताक्लॉज असतो. डेस इतकी वर्षं या मिरवणुकीच्या शेपटाला असायचा, आणि पुढच्यांची पडलेली अस्वलं नि बाहुल्या गोळा करायचा. यंदा पहिल्यांदा पुढच्या गाडीचा मान त्याला मिळाला होता. अट एकच, पुढची गाडी खालून उजळलेली हवी, म्हणजे मागच्यांना ती दिसेल. दिवे लागले नाहीत तर मान क्लाइव्ह पॅस्कोला. क्लाइव्हच्या तीनचाकी मोटरसायकलवर जत्रेतल्या पाळण्याइतके दिवे होते आणि तो ते दिवसाही लावायचा.

आता बिघाड काय होता ते सांगून टाकतो, कारण तो कोणापासूनच लपलेला नव्हता. पट्टीला दोन वायरी असतात. लाल वायर बॅटरीकडून फ्यूज आणि बटणातून येते. काळी वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला स्क्रूने आवळतात, म्हणजे वीज लोखंडातून परत बॅटरीकडे जाते. स्क्रूखाली उघडं लोखंड लागतं. डेसच्या स्क्रूखाली शेडमधल्याच मर्व्ह टकवेलने मारलेला निळा रंग होता, जाडजूड, आरशासारखा, भोकातल्या आट्यांपर्यंत पोचलेला. त्यातून मुंगीसुद्धा आरपार गेली नसती.

कोस्ता जन्मभर खाटकांच्या शीतगृहांची वायरिंग दुरुस्त करत आलेला माणूस. त्याने वाकून स्क्रूकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या मर्व्हकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

"फ्यूज असेल," तो म्हणाला.

"फ्यूजच," अध्यक्ष लिंडसे कॉट्रिल म्हणाला.

"मलाही तेच वाटलं," डेस म्हणाला.

याचं कारण मर्व्ह. गेल्या हिवाळ्यात मर्व्हची बायको जॉइस गेली, आणि त्यानंतर तो पडदे ओढून घरात बसला तो बसलाच. डेस आणि लिंडसेने त्याला जवळजवळ ओढून शेडमध्ये आणलं. तिथे त्याच्या हाती रंगाची फवारणी लागली आणि माणूस हळूहळू माणसांत आला. त्याने बाकं रंगवली, चहाचं कपाट रंगवलं, हातोड्यांच्या मुठी रंगवल्या आणि एकदा लिंडसेची काठीसुद्धा. डेसच्या गाडीचा सांगाडा त्याने जीव ओतून रंगवला होता. तो पुरा झाला त्या दिवशी मर्व्ह शीळ घालत घरी गेला, आणि ती शीळ ऐकून डेसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अशा माणसाला 'तुझा रंग खरवडावा लागेल' हे सांगणार कोण?

म्हणून फ्यूज बदलला. दिवे लागले नाहीत. बटण बदललं, नवी पट्टी आणली, मग बॅटरी नवी बसवली. रिले, म्हणजे विजेचा आपोआप चालणारा खटका, नव्हता तो घातला, कारण नसलेल्या गोष्टीतही दोष असू शकतो, असं उपसमितीचं मत पडलं. शेवटी एकेक जण येऊन सांगाड्यापासून दूरचा काहीतरी भाग उघडायचा, आत बघून गंभीर मान हलवायचा आणि परत बंद करायचा.

गुरुवारी मर्व्ह बाहेर सिगारेट ओढायला गेल्याचं पाहून कोस्ता डेसच्या कानाशी लागला. "लेका, काळी वायर सरळ बॅटरीला नेऊ. सांगाड्याला हात लावायलाच नको."

नेली. दिवे झळकले. दोघांनी हात मिळवले, तेवढ्यात मर्व्ह आत आला.

"अरे वा, लागले की! पण ही काळी वायर इकडून तिकडे लोंबतेय कशाला? सांगाड्याला का नाही आवळलीत?" तो वाकला. त्याचा चेहरा उतरला. "माझ्या रंगात काही गडबड आहे का रे?"

"छे छे!" तिथल्या सगळ्या माणसांच्या तोंडून एकदम निघालं.

"ही चाचणीपुरती लावली होती," कोस्ता म्हणाला आणि त्याने ती वायर स्वतःच्या हाताने उपटली.

पुढच्या आठवड्यात कोस्ताने युक्ती काढली. सीटखाली, मर्व्हला दिसणार नाही अशा जागी, त्याने काळी वायर डाव्या इंडिकेटरच्या वायरीला जोडली. इंडिकेटरच्या बल्बमधून वीज कशीबशी वाट काढत परत जाऊ लागली आणि दिवे मिणमिणायला लागले. फक्त एक झालं. डावा इंडिकेटर लावला की तो लुकलुकायचा तसे खालचे दिवे विझायचे. मिरवणुकीच्या वाटेवर डाकघरापाशी डावं वळण होतं.

उपसमितीची तातडीची बैठक भरली. लिंडसेने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"सभासदहो, प्रश्न दिव्यांचा नाही. प्रश्न वळणाचा आहे."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. वळणाला कोणी रंग मारलेला नव्हता. ठराव झाला की मिरवणुकीने यंदा फक्त उजवीकडे वळावं. डाकघरापाशी सरळ पुढे जावं, गुरांच्या बाजाराला उजवीकडून वळसा घालावा, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि रुग्णालयाच्या मागच्या अंगाने जावं. ठरावाला मर्व्हने अनुमोदन दिलं. नगरपरिषदेनेही दुसऱ्याच दिवशी परवानगी दिली, कारण असं कोणी कधी मागितलेलं नसल्यामुळे नकाराची तरतूदच नव्हती.

पण संध्याकाळच्या सरावात घोटाळा झाला. अंधारात डेसची गाडी दहा पावलांवरूनही दिसेना.

"दिवे आहेत का काजवे पाळलेत, डेस?" क्लाइव्हने विचारलं. मग मोठ्या मनाने म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस गड्या. सांताला मी नेईन."

घरी डेसची बायको नोरीन बटाटे सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चाकू खाली ठेवला.

"एका माणसाला एक वाक्य सांगायचं होतं, आणि त्यासाठी तुम्ही गावाचा रस्ता फिरवलात?"

"तो आत्ता कुठे सावरतोय, नोरीन."

"मग मी सांगते त्याला."

"नको, नको! बरं दिसणार नाही ते."

"बरं दिसणार नाही!" ती म्हणाली. "दिवे दिसत नाहीत, रस्ता दिसत नाही, आणि तुला बरं दिसायला हवंय."

शुक्रवारी मर्व्ह डोळे तपासायला टुवूम्बा शहरात गेला. ही संधी होती. डेसने शेडचं दार लावून घेतलं, खिशातला चाकू काढला आणि स्क्रूखालचा नखाएवढा रंग खरवडला. कोस्ताने इंडिकेटरची वायर सोडवली, काळी वायर जागेवर आवळली आणि बटण दाबलं. फरशीवर असा निळा उजेड पडला की सगळी शेड तळ्यात उभी आहे असं वाटावं. लिंडसेने काठी टाकून टाळ्या वाजवल्या. डेस त्या उजेडात पोरासारखा हसत उभा राहिला. आयुष्यात एकदा तरी पुढे जायला मिळणार होतं. मग सगळ्यांनी त्या जागेवर थोडं ग्रीस फासलं, म्हणजे कोणाच्या लक्षात यायला नको.

शनिवारी संध्याकाळी मैदानात गाड्या लागल्या. गावचा खाटीक रॉस सांताच्या लाल झग्यात आणि कापसाच्या दाढीत घामाघूम होऊन डेसच्या मागे बसला होता. त्या देशात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, आणि तो मी म्हणत होता. तेवढ्यात मर्व्ह लगबगीने आला.

"डेस, तुला सांगायचं राहिलं. आज सकाळी मी शेडमध्ये लवकर गेलो होतो. डॉक्टरने नवा चष्मा दिलाय, सगळं लख्ख दिसतं आता. तुझ्या सांगाड्यावर कोणा नालायकाने चाकूने खरवडलंय! पण तू काळजी करू नकोस. मी स्क्रू काढला, आत भोकापर्यंत रंग मारला, वाळवला, परत आवळला. इथे कधी काही झालं होतं हे देवालासुद्धा कळणार नाही."

डेसने बटण दाबलं. काहीही झालं नाही.

चाकू त्याच्या खिशातच होता. दोन मिनिटांचं काम. समोर मर्व्ह रुमालाने सांगाडा पुसत होता, तोंडाने वाफ देऊन परत पुसत होता, आणि नव्या चष्म्यातून डेसकडे बघत होता. इतकी वर्षं, आणि आता मिरवणूक निघायला काही क्षण उरलेले असताना!

"कसं झालंय?" मर्व्हने विचारलं.

"फार सुंदर झालंय, मर्व्ह," डेस म्हणाला. त्याचा आवाज फुटला. मर्व्हला वाटलं, आनंदाने फुटला. त्याने डेसच्या पाठीवर थाप मारली.

सांता खाली उतरला आणि क्लाइव्हच्या तीनचाकीवर चढला. मिरवणूक निघाली आणि ठरावाप्रमाणे उजवीकडे वळत गेली, कारण ठराव रद्द करायला बैठक लागते आणि बैठक मंगळवारी असते. मुलं समोरच्या खिडकीत वाट बघत बसली होती. सांता मागच्या अंगाने, कपडे धुण्याच्या खोलीसमोरून, हात हलवत गेला.

मंगळवारी आढावा बैठक झाली. मिरवणूक अत्यंत यशस्वी झाल्याचं सर्वांनी मान्य केलं. आयत्या वेळच्या विषयांत मर्व्ह उठला.

"एक विचारू का? तुम्ही सगळे माझ्याशी फार चांगले वागता. पण दिवे शेवटपर्यंत लागले नाहीत. रात्री पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, माझ्या रंगामुळे तर नाही? जॉइस असती तर तिथेच म्हणाली असती, 'मर्व्ह, गाढवा, भोकात कशाला रंग मारलास?' ती गेल्यापासून मला कोणी गाढव म्हणत नाही रे. फार सुनं वाटतं. तुमच्यापैकी कोणी तसं म्हणालं ना, तर मला खरंच बरं वाटेल."

लिंडसेने काठीकडे पाहिलं. कोस्ताने छताकडे. डेस खुर्चीतून अर्धा उठला, त्याने घसा खाकरला.

"मर्व्ह," तो म्हणाला, "रंगाचा काही संबंध नाही गड्या. फ्यूज होता."

"फ्यूजच," कोस्ता म्हणाला.

मर्व्ह मान हलवून खाली बसला. मग लिंडसेने ठराव मांडला, की पुढच्या वर्षी मिरवणुकीतल्या सगळ्या मोटरसायकलींचे सांगाडे मर्व्हकडूनच रंगवून घ्यावेत. विरोधात कोणी? कोणी नाही. एकमताने मंजूर.

'अरे, सरळ सांगायचं ना त्या माणसाला!' असं तुम्ही आत्ता मनातल्या मनात म्हणालात. अगदी बरोबर आहे तुमचं. त्या बैठकीतला प्रत्येक जण घरी जाऊन आपल्या बायकोला हेच म्हणाला.